एक स्टार आणि रात्री अकराचं उत्तर

पत्र थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात सहा वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. र. यांचं हे पत्र. गूगलवर त्यांच्या दवाखान्याचे ४२ रिव्ह्यू होते, सरासरी ४.८. एप्रिलअखेरीस एका आईने एक स्टार दिला : "दोन तास बसवलं, आत दोन मिनिटं. व्हायरल आहे म्हणाल्या, औषध काहीच नाही. रात्री ताप १०३. दुसरीकडे नेलं, इंजेक्शन दिलं, उतरला." डॉक्टरांनी त्याच रात्री अकरा वाजता उत्तर लिहिलं. पुढच्या तीन दिवसांत आणखी पाच जणांनी एक-एक स्टार दिला; सरासरी ४.३ वर आली. समोरच्या रस्त्यावर जानेवारीत नवं हॉस्पिटल सुरू झालंय, हात त्यांचाच असणार, अशी डॉक्टरांची खात्री आहे. तिसऱ्या दिवशी एका एजन्सीचा फोन आला : ३५,००० रुपयांत वाईट रिव्ह्यू डिलीट आणि वर १०० फाइव्ह-स्टार. दिरांचं म्हणणं, त्या आईला वकिलाची नोटीस पाठवा. मे महिन्यात ओपीडीही कमी झाली आहे. "सहा वर्षांची मेहनत सहा जणांनी पुसून टाकली. काय करू?"

डॉ. र.,

स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत ते बरं झालं. सहाही रिव्ह्यू वाचले, आणि त्यांच्याखालचं तुमचं उत्तरही. त्या पानावर सगळ्यात आधी हात घालायचा तो तुमच्या उत्तराला.

तुम्ही लिहिलंय : "तुमच्या मुलाचं वजन ११ किलो, ताप १०१ होता, घसा स्वच्छ होता. अँटिबायोटिकची गरज नव्हती. मागच्या वर्षी त्याला फिट आली तेव्हा रात्री दोन वाजता मीच उठून पाहिलं होतं, तेव्हा बरी आठवण नाही ठेवलीत." दिवसभर ऐंशी मुलं तपासून रात्री हे वाचायला मिळालं की असंच लिहिलं जातं. यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण अडचण नेमकी तीच आहे. रिव्ह्यू लिहिणाऱ्या आईचं आडनावासकट नाव वर दिसतंय आणि खाली तिच्या मुलाला फिट आल्याचं त्याच्या डॉक्टरांनी जाहीर केलंय. लहान गावात 'त्याला फिट येतात' हे वाक्य एखाद्या मुलाला किती वर्षं चिकटून राहतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नियमांच्या अंगानेही तुमची बाजू इथेच लंगडी पडते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरण विनियमांनुसार उपचारादरम्यान कळलेली पेशंटची माहिती उघड करता येत नाही. अपवाद मोजके आहेत : न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, कळवणं बंधनकारक असलेले आजार. आपल्यावर टीका झाली, हा अपवाद त्यात नाही. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच धरून चाला.) त्या आईने उद्या राज्याच्या वैद्यक परिषदेकडे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) तक्रार केली, तर तापाला औषध न दिल्याचा खुलासा तुम्ही सहज करू शकाल. या उत्तराचा खुलासा मात्र अवघड जाईल.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. उत्तराचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून स्वतःजवळ ठेवा. मग ज्या जीमेलवर दवाखान्याचं प्रोफाइल आहे त्यातून लॉगिन करून गूगलवर दवाखान्याचं नाव शोधा. मालकाला वर बटणांची एक पट्टी दिसते, तिच्यात रिव्ह्यू वाचण्याचं बटण असतं. तिथे तुमच्या उत्तराशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की बदलणं आणि डिलीट करणं असे पर्याय येतात. डिलीट करा. बदलण्याच्या भानगडीत आज पडू नका. हात अजून गरम आहे.

आणखी एक. त्या मुलाचे केस पेपर काढून एका फाइलमध्ये बाजूला ठेवा, पण त्यांत आता काहीही 'नीट' करायला जाऊ नका. मागाहून घातलेली ओळ शाईवरून, जागेवरून ओळखू येते आणि खऱ्या नोंदींवरचाही विश्वास घालवते. रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं असतं (विनियमांत हे भरती पेशंटबद्दल आहे, पण ओपीडीलाही तेच धरा) आणि पालकांनी मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. त्या आईने मागितलं तर कुरकुर न करता द्या.

आता त्या सहा जणांकडे वळू. तुम्ही त्यांना एकाच टोळीत बसवलंय. स्क्रीनशॉट पाहून तसं वाटत नाही.

पहिली आई खरी आहे, तिची तक्रारही खरी आहे. तिच्याकडे नंतर येऊ. दुसरा रिव्ह्यू, "काउंटरवरची बाई उद्धट बोलते", यात आम्हाला कारस्थान दिसत नाही. हे नाव आपल्या रजिस्टरमध्ये नाही, असं तुम्ही म्हणता. पण तुमचं रजिस्टर मुलांच्या नावाने असतं आणि रिव्ह्यू मामाच्या जीमेलवरून पडतो. गावाकडे एका घरात एकच चालू ईमेल असतो, तोही बऱ्याचदा मोबाइल दुकानदाराने काढून दिलेला आणि भलत्याच नावाचा. त्या चार-पाच दिवसांतले केस पेपर आडनाव आणि गावावरून चाळा, काउंटरवर शांतपणे विचारा. तिसऱ्याने नुसता स्टार दिलाय, मजकूर नाही. नियमभंग दाखवायला त्यात काही नसल्यामुळे असे रिव्ह्यू सहसा निघत नाहीत. तो सोडून द्या.

उरले तीन. एकात "ऑपरेशन बिघडवलं" असं आहे. तुम्ही ऑपरेशन करतच नाही, म्हणजे हा एकतर चुकीच्या दवाखान्यावर पडलाय किंवा बनावट आहे. बाकीच्या दोन खात्यांच्या नावांवर दाबून त्यांनी आणखी कुठे काय लिहिलंय ते पाहिलंत का? तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये ते आलंय. दोघांनीही एकाच आठवड्यात दुसऱ्या राज्यातलं तेच मोबाइलचं दुकान, तीच पॅकर्स-मूव्हर्स कंपनी आणि तोच लग्नाचा हॉल, अशा तिन्ही ठिकाणी स्टार दिलेत. पैसे घेऊन रिव्ह्यू टाकणाऱ्या खात्यांची खूण अशीच असते.

हे तीन गूगलकडे रिपोर्ट करा. 'यात सांगितलेली हकीकत खोटी आहे' असं कारण रिपोर्टच्या यादीत नसतं, आणि बहुतेकांचा रिपोर्ट इथेच वाया जातो. गिऱ्हाईक खरं बोलतंय की दुकानदार, या वादात गूगल पडत नाही. रिव्ह्यू त्यांच्या धोरणात बसतो का, एवढंच पाहतं. बनावट किंवा स्पॅम, विषयाशी संबंध नसलेला, हितसंबंधातून लिहिलेला, शिवीगाळ, छळ, खासगी माहिती उघड करणारा, असे प्रकार असतात. ऑपरेशनवाला 'विषयाशी संबंध नाही' मध्ये टाका, त्या जोडगोळीला स्पॅममध्ये. रिपोर्ट मालकाच्या खात्यातून आणि एकदाच करा. वीस नातेवाइकांना कामाला लावल्याने नियमभंग सिद्ध होत नाही. काही दिवसांनी गूगलच्या रिव्ह्यू व्यवस्थापनाच्या पानावर निकाल दिसतो. 'नियमभंग आढळला नाही' असं आलं तर अपील करता येतं, पण एकदाच. म्हणून अपिलाची घाई नको. दोन्ही खात्यांचे ते तीन समान रिव्ह्यू शेजारी शेजारी ठेवलेले स्क्रीनशॉट, तारखा, आणि 'या दवाखान्यात शस्त्रक्रिया होत नाहीत' हे एक वाक्य तयार ठेवा. 'माझी बदनामी चालली आहे' असं पानभर लिहिलेल्या अपिलापेक्षा या चार ओळींचं वजन जास्त पडतं.

तिथेही जमलं नाही तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे. हे सगळं ऑनलाइन होतं. वेळ लागतो आणि यशाची खात्री नसते, तरी दिरांच्या नोटिशीपेक्षा हा रस्ता बरा.

रिपोर्ट करण्याआधी प्रोफाइल खरोखर तुमच्या ताब्यात आहे ना, तेवढं बघा. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, "बोर्ड आणि कार्ड छापणाऱ्या मुलाने सुरुवातीला गूगलचं करून दिलं होतं." हे वाचून आम्ही थबकलो. अशा वेळी प्रोफाइलचा मुख्य मालक त्या मुलाचं जीमेल असतं आणि डॉक्टरांकडे फक्त व्यवस्थापकाचे अधिकार असतात. सेटिंगमध्ये लोक आणि प्रवेशाचा भाग असतो, तिथे मुख्य मालक कोण ते दिसतं. तो मुलगा असेल तर चहाला बोलावून मालकी आपल्या नावावर करून घ्या. तो सापडत नसेल तर गूगलकडेच मालकीची मागणी करता येते. मग बहुतेक वेळा व्हिडिओने पडताळणी होते : रस्ता, पाटी, कुलूप उघडून आतलं टेबल, असं न थांबवता केलेलं एकच चित्रण. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव वेगळं असेल तर पडताळणी तिथेच अडकते.

नाव वेगळं असण्याचा घोळ आपल्याकडे बायकांच्या बाबतीत फार होतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी माहेरच्या नावाने, पाटी सासरच्या नावाने, डॉक्टर शोधण्याच्या प्रॅक्टो साइटवर दोन्ही आडनावं, जस्टडायलवर जुना भाड्याचा गाळा आणि बंद पडलेला नंबर. एखादा सावध पालक कौन्सिलच्या यादीत तुमचं नाव शोधतो आणि ते सापडत नाही, की एक स्टारपेक्षा मोठी शंका उभी राहते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर लावावाच लागतो. प्रोफाइलच्या वर्णनातही तोच टाका. मग मोबाइलच्या इन्कॉग्निटो खिडकीत आपलं नाव चार पद्धतींनी शोधा : मराठीत, इंग्रजीत, दोन्ही आडनावांनी, गावासकट. पहिल्या पानावर जे चुकीचं दिसेल तेवढंच दुरुस्त करा. जुन्या गाळ्याचं प्रोफाइल नकाशावर अजून जिवंत असेल तर ते नव्यात विलीन करून घ्या, नाहीतर तापलेलं पोर घेऊन कुणीतरी बंद शटरसमोर जाऊन उभं राहील आणि त्याचा स्टार तुम्हाला मिळेल.

आता थोडं गणित, म्हणजे मनावरचं ओझं हलकं होईल. ४२ रिव्ह्यूंची तुमची बेरीज २०२ होती. सहा जणांचे सहा स्टार मिळवून २०८, भागिले ४८ : ४.३३. ते तीन बनावट निघाले तर २०५ भागिले ४५, म्हणजे ४.५६, पानावर ते ४.६ दिसेल. समजा एकही निघाला नाही, तरी आणखी १६ पालकांनी पाच-पाच स्टार दिले की ४.५ होतात, ३२ जणांनी दिले की ४.६. बरोब्बर ४.८ हवे असतील तर ११२ लागतात. एजन्सीचं पॅकेज शंभराचंच का आहे, ते आता लक्षात आलं असेल.

त्या पॅकेजला हात लावू नका. गूगलचा रिव्ह्यू डिलीट करण्याची कळ कुठल्याच एजन्सीकडे नसते. तुम्ही करणार तोच रिपोर्ट ते करतात, फक्त पैसे घेऊन. वरचे १०० तर सरळ घातकच. सहा वर्षांत ४२ रिव्ह्यू आलेल्या दवाखान्याला महिन्याभरात शंभर आले, तेही कधी तालुक्यात पाऊल न ठेवलेल्या खात्यांकडून, की ते यंत्राच्या नजरेत भरतं. बनावट रिव्ह्यूंसाठी गूगलच्या धोरणात निर्बंध आहेत : काही काळ नवे रिव्ह्यू बंद, असलेले लपवणं, आणि प्रोफाइलवर 'बनावट रिव्ह्यू काढले आहेत' असा इशारा. त्यात तुमचे खरे ४२ सुद्धा अडकतील. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं ते याच धंद्यामुळे. ते ऐच्छिक म्हणून आलं, तरी हवा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. आणि डॉक्टरांवर तर जाहिरात करून पेशंट ओढण्याचीच बंदी आहे. विकत घेतलेल्या स्तुतीचं समर्थन परिषदेपुढे कसं करणार? एजन्सीला प्रोफाइलचा पासवर्ड तर मुळीच देऊ नका. पुढे दरमहा पैसे थांबवले की मालकीही अडकून बसते.

आणि एक बारीकशी गोष्ट. रिव्ह्यू पडले आणि तिसऱ्याच दिवशी एजन्सीला तुमचा नंबर मिळाला. यावरून कुणावर बोट ठेवा असं आम्ही म्हणत नाही, पण त्या कॉलची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा. "पैसे द्या, नाहीतर आणखी पडतील" अशा सुराचा मेसेज आला तर तो खंडणीचा प्रकार होतो. पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

हाच न्याय समोरच्या हॉस्पिटललाही लावा. तुमच्याकडे संशय आहे, पुरावा नाही. 'विरोधकांचा डाव' हे शब्द उत्तरात, स्टेटसवर किंवा डॉक्टरांच्या ग्रुपवर गेले की त्याचाही स्क्रीनशॉट निघतो, आणि मग बदनामीची नोटीस तुमच्या दारात येते.

नोटिशीबद्दल. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. म्हणजे दार बंद झालेलं नाही आणि घाईही नाही. पण त्या आईने लिहिलेलं बघा : दोन तास बसलो, औषध दिलं नाही, दुसरीकडे उतरला. यात खोटं काय आहे? तिचा वैद्यकीय निष्कर्ष चुकीचा असेल, अनुभव चुकीचा नाही. प्रामाणिकपणे मांडलेल्या मताला कायद्यातही बरीच जागा आहे. नोटीस गेली की तिचा फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या चार ग्रुपवर फिरेल, आणि "बाईने तक्रार केली म्हणून डॉक्टरीणबाईंनी वकील लावला" ही बातमी ज्यांनी गूगल कधी उघडलं नाही त्यांच्यापर्यंतही पोचेल. त्या जोडगोळीविरुद्ध कोर्टात जायचं ठरवलंत तर अनोळखी प्रतिवादीविरुद्ध दावा लावता येतो. आपल्या कोर्टांत अशा अनाम इसमाला 'अशोक कुमार' म्हणतात. पण दोन स्टारांसाठी वकिलाची फी आणि तारखा? आमचं मत विचाराल तर नाही. लाच, लैंगिक गैरवर्तन, मुलाच्या मृत्यूला जबाबदार असले आरोप नाव घेऊन कुणी केले, तर मात्र पहिल्याच दिवशी वकील गाठावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर असा मजकूर उतरवायला कंपनीला कायद्याने भाग पाडायचं तर मुख्यतः न्यायालयाचा आदेशच लागतो.

आता ओपीडी. स्टार घसरले आणि मे महिन्यात गर्दी कमी झाली, म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं असं तुम्ही धरलंय. मे महिन्यात शाळा बंद असतात, पोरं मामाच्या गावी असतात. गेल्या दोन वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदी काढून शेजारी ठेवा, आणि नवे पेशंट वेगळे, जुने वेगळे मोजा. जुने कमी झाले असतील तर त्याला गूगल कारण नाही. सहा वर्षं येणारा माणूस स्टार बघून यायचं थांबत नाही. नवे कमी झाले असतील तर स्टार किंवा समोरची नवी पाटी, दोन्ही शक्य आहेत. जूनपासून नव्या केस पेपरवर एक रकाना वाढवा, 'कुणी सांगितलं?', आणि काउंटरवर तो भरून घ्या. महिन्याभरात कळेल गूगलवरून किती येतात आणि शेजारणीने सांगून किती.

पहिल्या आईकडे येऊ. तुम्ही अँटिबायोटिक दिलं नाही, ते योग्यच केलं. पण ती दोन तास थांबली आणि रिकाम्या हाताने गेली, आणि रात्री ताप चढेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. व्हायरल ताप दोन-तीन दिवस चढतो-उतरतो, हे तुमच्या इतकं अंगवळणी पडलंय की ते बोलायचं राहून गेलं असणार. दुसऱ्याच्या इंजेक्शनने उतरला की आपोआप उतरायचाच होता, ते तिला कसं कळावं? यावरचा उपाय अर्ध्या पानाचा आहे. मराठीत एक कागद छापून घ्या : ताप अजून दोन-तीन दिवस येऊ शकतो, तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे इतके मिली, किती तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा (हे आकडे तुम्ही पेनने भरायचे), अंग कोमट पाण्याने पुसा, दूध-पाणी चालू ठेवा, आणि ठळक अक्षरांत, ताबडतोब कधी आणायचं : पाणी पीत नसेल, सहा-आठ तास लघवी नसेल, धाप लागत असेल, फार गळून गेला असेल, झटका आला, तीन दिवसांनंतरही ताप असेल. खाली रात्रीचा नंबर. हा कागद हातात पडला की 'काहीच दिलं नाही' हे वाक्य सुचतच नाही.

थांबण्याचंही तसंच. दोन तास लागणार असतील तर काउंटरवरून "तुमचा नंबर साडेअकराच्या आसपास" एवढं सांगितलं तरी माणूस चहा पिऊन येतो. आणि काउंटरच्या बाईंना उद्धटपणाबद्दल झापण्याआधी त्यांना एका वेळी फोन, पैसे, वजनकाटा आणि भांडणं, असं किती सांभाळावं लागतं ते एक दिवस बसून बघा.

मग चार-पाच दिवसांनी त्या आईला नवं उत्तर लिहा. कागदावर लिहा, रात्रभर ठेवा, घराबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. असं काहीतरी :

"नमस्कार. गर्दीच्या दिवशी आमच्याकडे फार वेळ थांबावं लागतं, ही तक्रार रास्त आहे. आता प्रत्येकाला नंबरची अंदाजे वेळ सांगायला सुरुवात केली आहे. उपचारांबद्दल आम्ही इथे काही लिहीत नाही. बोलायचं असल्यास सकाळी १० ते १ मध्ये दवाखान्याच्या नंबरवर फोन करा, डॉक्टर स्वतः बोलतील."

यात 'तुमच्या मुलाला तपासलं तेव्हा' असं कुठेही नाही, ते मुद्दाम. ती तुमची पेशंट होती, याचीही कबुली उत्तरातून द्यायची नाही. नवं उत्तर पडलं की तिला सूचना जाते, म्हणून रोज एक शब्द बदलत बसू नका. काउंटरच्या तक्रारीला याच सुरात दोन ओळी पुरे. बनावट तिघांना उत्तर देऊच नका, रिपोर्टचा निकाल येईपर्यंत तरी.

नवे रिव्ह्यू कसे यावेत, हा प्रश्न उरतो. लसीकरणाच्या टेबलाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी एक साधा क्यूआर कोड लावा, 'आपला अनुभव लिहा' एवढ्याच शब्दांचा. 'पाच स्टार द्या' नको. फीमध्ये सवलत, मुलाला खेळणं, असं काही बदल्यात दिलं की ते गूगलच्या आणि तुमच्या परिषदेच्या, दोन्ही नियमांत अडकतं. खूश दिसलेल्यांनाच कोड दाखवायचा आणि नाराजांना तक्रारवहीकडे वळवायचं, ही चलाखीही धोरणात बसत नाही. पालकांचा मोबाइल हातात घेऊन काउंटरवरच स्टार द्यायला लावू नका. तुम्ही स्वतः तर मागूच नका. ज्याच्या पोराला उद्या परत तुमच्याकडेच यायचंय तो नाही कसं म्हणणार? आठवड्याला एक जरी आला तरी १६ आठवड्यांत तुम्ही ४.५ वर असाल, आणि ते रिव्ह्यू कुणी काढू शकणार नाही. शिबिरातले पेशंट मुलांसोबतचे फोटो दवाखान्याच्या फेसबुक पानावर आहेत, तेही त्यानिमित्ताने चाळा. पालकांची लेखी संमती नसेल ते उतरवा.

वकील आणि सीए मंडळींनी हे वाचलं तर त्यांनाही हेच लागू. बार कौन्सिलचा नियम ३६ आणि सनदी लेखापालांची १९४९ च्या कायद्यातली अनुसूची कामासाठी जाहिरात आणि आर्जव करण्यावर बंधनं घालते. आणि अशिलाने एक स्टार दिला म्हणून त्याच्या केसचे किंवा रिटर्नचे तपशील उत्तरात काढणं, ही तीच रात्री अकराची चूक.

त्या आईचा फोन आलाच, तर आधी मुलगा कसा आहे ते विचारा. तिला बोलू द्या. मधे तोडून 'पण मी तेव्हा' म्हणू नका. दोन तास थांबावं लागलं त्याबद्दल माफी मागा, तापाचं पुन्हा एकदा समजावून सांगा, तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. रिव्ह्यूचा विषय तुमच्याकडून निघू देऊ नका. तिनेच काढला, तर "ते तुम्ही ठरवा" एवढंच म्हणा आणि पुढच्या लसीची तारीख सांगून फोन ठेवा.